शुक्राच्या ध्रुवावरचा भोवरा

फेब्रुवारी १९७९ मध्ये शुक्राभोवती फिरणाऱ्या ‘पायोनियर व्हीनस’ या अमेरिकी यानावरचे एक उपकरण बंद पडले. यान पुढे १९९२ च्या ऑक्टोबरपर्यंत फिरत राहिले, हे उपकरण मात्र जेमतेम ७२ दिवस चालले. अवरक्त किरण टिपणे, म्हणजे डोळ्याला न दिसणारी उष्णता मोजणे, हे त्याचे काम. शुक्राच्या ढगांचा माथा कुठे गरम आहे आणि कुठे गार आहे, याचा नकाशा ते रोज काढत होते. त्या नकाशात उत्तर ध्रुवाजवळ एक आकृती उमटली होती. गार हवेचे एक भलेमोठे कडे, त्याच्या आत ध्रुवाच्या दोन बाजूंना दोन उबदार डाग, आणि हे दोन्ही डाग एकमेकांचा हात धरल्यासारखे ध्रुवाभोवती फेर धरून फिरत होते. एका फेरीला लागत होते २.७ दिवस.

उपकरणाचे प्रमुख होते फ्रेड टेलर. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले हे इंग्रज शास्त्रज्ञ त्या वेळी कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करत होते. त्यांच्या हाती ७२ दिवसांची नोंद आली आणि मग पडदा पडला. तो पडदा पुन्हा नीट उघडायला २७ वर्षे लागली. उघडला तेव्हा समोर होता दुसरा ध्रुव आणि जुने चित्र मोडून टाकणारे एक नवे चित्र. ग्रहविज्ञानाच्या इतिहासात मोठमोठ्या मोहिमा आहेत. पण अपुऱ्या नजरेने पाहिलेली गोष्ट आपण किती काळ पूर्ण समजून चालतो, हे दाखवणारी इतकी बोलकी कथा मला दुसरी माहीत नाही.

मुळात शुक्राच्या ध्रुवांकडे कोणी पाहावे असे काही होते का? १८१३ मध्ये म्युनिकच्या फ्रान्झ फॉन ग्रुइथुइझेन यांना शुक्राच्या कोरीच्या टोकांशी उजळ पांढरे ठिपके दिसले होते. पृथ्वीच्या ध्रुवांवर बर्फ, मंगळाच्या ध्रुवांवर पांढऱ्या टोप्या, तेव्हा शुक्रावरही तसेच काही असेल, असे वाटणे साहजिक होते. पण शुक्राची चांदणी म्हणून जी आपल्याला झळकताना दिसते ती त्या ग्रहाची जमीन नव्हेच. ती आहे सल्फ्युरिक आम्लाच्या बारीक थेंबांनी बनलेल्या ढगांची पाठ. हे ढग जमिनीपासून साधारण ४८ ते ७० किलोमीटर उंचीवर सगळा ग्रह झाकून असतात. खाली जमिनीवर तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सियस आणि हवेचा दाब पृथ्वीच्या ९२ पट. तिथे बर्फाची बात नाही.

साध्या प्रकाशात हे ढग कोऱ्या कागदासारखे दिसतात. अतिनील प्रकाशात मात्र त्यांच्यावर करड्या रेघा आणि पट्टे उमटतात, कारण ढगांत अतिनील किरण शोषणारे काहीतरी मिसळलेले आहे. १९५७ मध्ये आफ्रिकेतल्या ब्राझाव्हिल शहरात राहणारे फ्रेंच न्यायाधीश शार्ल बॉयर यांनी हौसेने शुक्राचे असे अतिनील फोटो काढायला सुरुवात केली. दिवसाची कामे कोर्टात, रात्रीची दुर्बिणीपाशी. एक काळी खूण दर चार दिवसांनी परत येते, हे त्यांच्या लक्षात आले. फ्रान्समधल्या पिक द्यू मिदी वेधशाळेतले त्यांचे मित्र आंरी कामिशेल यांनी त्यांना साथ दिली. पुढे १९६० च्या दशकात रडारने शुक्राच्या जमिनीचा वेग मोजला, तेव्हा ती स्वतःभोवती एक फेरी घ्यायला २४३ दिवस लावते आणि तीही उलट्या दिशेने फिरते, हे ठरले. म्हणजे जमीन २४३ दिवसांत फिरते आणि ढग चार दिवसांत! विषुववृत्तावर जमीन तासाला साडेसहा किलोमीटर सरकते, भरभर चालणाऱ्या माणसाइतकी. आणि वरचे ढग तासाला ३६० किलोमीटरच्या आसपास धावतात. एका हौशी माणसाचे हे म्हणणे जाणकारांनी सहज मान्य केले नाही. ते खरे होते.

५ फेब्रुवारी १९७४ रोजी ‘मरिनर १०’ शुक्राजवळून गेले. त्याला जायचे होते बुधाकडे. शुक्राचे गुरुत्व वापरून त्याने मार्ग वळवला आणि जाता जाता शुक्राचे हजारो फोटो घेतले. बॉयर यांचे चार दिवस त्या फोटोंत स्वच्छ दिसले. ते फोटो पाहणाऱ्यांत व्हर्नर सुओमी होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या या हवामानशास्त्रज्ञाने पृथ्वीसाठी एक कॅमेरा बनवला होता. स्वतःभोवती गिरक्या घेणाऱ्या उपग्रहावरून तो पट्ट्यापट्ट्याने पृथ्वीचे चित्र काढत असे. डिसेंबर १९६६ मध्ये तो अवकाशात गेला आणि एकाच जागेवरून ढगांची दिवसभराची हालचाल माणसाला पहिल्यांदा सलग पाहता आली. ढग इथून तिथे सरकला, त्याला इतका वेळ लागला, म्हणजे वारा इतका. असा हिशेब ते पृथ्वीवर करत आले होते. तोच हिशेब त्यांनी शुक्राला लावला.

सुओमींसोबत विस्कॉन्सिनमध्ये भारतातून गेलेले संजय लिमये काम करत होते. मराठी वाचकाला आडनावावरून जवळीक वाटेल, पण त्यापेक्षा महत्त्वाचे आहे त्यांनी केलेले काम. मरिनरने शुक्र पाहिला होता तो बाजूने, विषुववृत्ताच्या अंगाने. ध्रुव चित्राच्या काठाशी तिरके, चपटे दिसत होते. या दोघांनी ते फोटो गणिताने उलगडून पुन्हा मांडले, जणू कॅमेरा थेट ध्रुवाच्या डोक्यावर टांगला आहे अशा तऱ्हेने. तसे करताच विखुरलेल्या रेघा एकत्र आल्या. मधल्या अक्षांशांपासून निघालेले ढगांचे पट्टे आत वळत वळत ध्रुवाकडे जाताना दिसले. प्रत्येक गोलार्धाचा एकेक भोवरा होता आणि त्याचे केंद्र ध्रुवावर होते. १९७८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा लेख आला, तेव्हा पायोनियर शुक्राच्या वाटेवर होते.

भोवरा हा शब्द मराठीत किती ठिकाणी येतो! नदीच्या पात्रात भोवरा, मुलांच्या हातात भोवरा, डोक्यावर केसांचा भोवरा. शुक्रावरचा भोवरा यांतल्या पहिल्या प्रकारातला. मोरीतले पाणी नळीतून खाली जाताना गरगरते, तसेच काहीसे तिथे घडते. सूर्य विषुववृत्तावरचे ढग तापवतो. तापलेली हवा वर येते आणि ढगांच्या माथ्यावरून सावकाश ध्रुवाकडे वाहू लागते. ही हवा आधीच ग्रहाभोवती चार दिवसांत फिरणारी. ध्रुवाजवळ जावे तसा तिच्या फेरीचा घेर लहान होतो. दोरीला दगड बांधून फिरवताना दोरी बोटाभोवती गुंडाळत गेली की दगड अधिक भर्रकन फिरतो, तशी ही हवाही कमी वेळात फेरी पुरी करते. शेवटी ध्रुवाशी ती खाली उतरते. खाली उतरताना दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळे तापते. ढगांचा माथा तिथे विषुववृत्तापेक्षा कित्येक किलोमीटर खोल असतो. वरून अवरक्त डोळ्याने पाहिले की त्या खळग्यातून खालची ऊब दिसते.

पायोनियर ४ डिसेंबर १९७८ रोजी शुक्राच्या कक्षेत शिरले आणि टेलर यांच्या उपकरणाने हेच पाहिले. मात्र अपेक्षेपेक्षा दोन गोष्टी जास्तीच्या निघाल्या. एक म्हणजे ध्रुवाशी एका डोळ्याऐवजी दोन डोळे होते. आपल्याकडच्या चक्रीवादळाला मधोमध एक डोळा असतो. या भोवऱ्याला दोन. दुसरे ते गार कडे. शास्त्रज्ञ त्याला ‘कोल्ड कॉलर’ म्हणतात. साधारण ६० ते ८० अंश अक्षांशांच्या दरम्यान, सुमारे पाच हजार किलोमीटर व्यासाचे हे वर्तुळ त्याच उंचीवरच्या आजूबाजूच्या हवेपेक्षा ३० अंशांच्या आसपास थंड होते. सूर्याची ऊब विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत हळूहळू कमी व्हावी, हे शाळेतल्या मुलालाही पटते. इथे ती कमी होत होत एकदम खूप उतरत होती आणि नेमक्या ध्रुवाशी पुन्हा वाढत होती.

हे सारे फक्त उत्तर ध्रुवावर दिसले. पायोनियरची कक्षा अशी होती की उपकरणाला उत्तरच नीट दिसत असे. दक्षिणेचा अंदाज करायचा, एवढेच हाती होते. शुक्राचा अक्ष सुमारे तीनच अंशांनी कललेला आहे, त्यामुळे तिथे ऋतू जवळजवळ नाहीत. आपल्या अंटार्क्टिकावरचा हिवाळी भोवरा वसंतात विरतो, शुक्राच्या भोवऱ्याला विरायला वसंतच येत नाही. तेव्हा उत्तरेला जे आहे तेच दक्षिणेला असणार आणि जे आज आहे तेच उद्याही असणार, असा तर्क होता. तर्क वाईट नव्हता. त्याच्या पाठीशी ७२ दिवस होते.

नंतर १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत ‘व्हेनेरा १५’ शुक्रापाशी पोहोचले. त्यावर पूर्व जर्मनीच्या मदतीने बनवलेला अवरक्त वर्णपटमापक होता. त्यानेही उत्तरेचे ते गार कडे आणि आतली ऊब पाहिली, तापमानाचे उभे छेद आधीपेक्षा बारकाईने मोजले आणि थोड्याच काळात तोही थांबला. त्यानंतर जग मंगळाकडे वळले. १९९० च्या दशकातले ‘मॅगेलन’ यान रडारने जमीन पाहत होते. त्याला ढगांशी कर्तव्य नव्हते. पुस्तकांतून दोन डोळ्यांचा तो भोवरा छापला जात राहिला.

‘व्हीनस एक्स्प्रेस’ची कहाणी काटकसरीची आहे. युरोपीय अवकाश संस्थेने मंगळासाठी एक यान बनवले होते. तोच सांगाडा पुन्हा वापरून, रोझेटा आणि मार्स एक्स्प्रेस या मोहिमांच्या उपकरणांचे भाऊबंद त्यावर बसवून शुक्राकडे पाठवावे, असा प्रस्ताव २००१ मध्ये आला. ९ नोव्हेंबर २००५ रोजी बैकोनूरहून ते निघाले आणि ११ एप्रिल २००६ रोजी शुक्राच्या पकडीत आले. त्याची कक्षा खालीवर दोन्ही ध्रुवांवरून जाणारी होती. उत्तरेवरून जाताना ते अवघ्या काहीशे किलोमीटरवरून सुसाट निघून जाई आणि दक्षिणेला मात्र ६६ हजार किलोमीटर लांब जाऊन तासन्‌तास रेंगाळे. त्यामुळे संबंध दक्षिण ध्रुव एका नजरेत मावत असे.

१२ एप्रिलला, पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, दोन लाख किलोमीटरहून अधिक अंतरावरून पहिली चित्रे आली. ‘व्हर्टिस’ नावाच्या उपकरणाने दक्षिण ध्रुवावर दोन डोळे टिपले होते. तर्क खरा ठरला होता. त्या दिवशी फ्रेड टेलर यांना काय वाटले असेल, याची कल्पना मी अनेकदा करतो. ऐन उमेदीच्या वयात ७२ दिवस पाहिलेली आकृती २७ वर्षांनी ग्रहाच्या दुसऱ्या टोकाला भेटावी, हे सुख शास्त्रज्ञांच्या वाट्यालाही क्वचितच येते. जुसेप्पे पिच्चोनी आणि सहकाऱ्यांचा लेख नोव्हेंबर २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. उत्तरेसारखाच भोवरा दक्षिणेला आहे, तो अडीच दिवसांत फेरी घेतो, असे त्यात मांडले होते.

मग यान पाहत राहिले. दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष. आणि दोन डोळे हरवले.

कधी तिथे एकच लांबट डोळा दिसे. कधी इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली नागमोडी पट्टी, कधी तीन फाटे, कधी नुसता विस्कटलेला गोळा. एका आकारातून दुसऱ्यात जायला एकदोन दिवसही पुरत. युरोप खंडाएवढी ही आकृती आज एक, परवा दुसरीच. टेलर यांना दिसलेले दोन डोळे खोटे नव्हते. ते या भोवऱ्याच्या अनेक रूपांतले एक होते आणि नेमके तेच ७२ दिवसांत पुढे आले होते. लिमये यांनी सहकाऱ्यांसोबत २००९ मध्ये या बदलांची तुलना चक्रीवादळांच्या डोळ्यांशी केली. तीव्र वादळांच्या गाभ्यातही असे वळणदार, एसच्या आकाराचे पट्टे कधी कधी दिसतात. वादळाला समुद्राची वाफ पोसते, शुक्रावर समुद्र नाही. तरीही वेगाने फिरणाऱ्या हवेच्या दोन पट्ट्यांत फरक पडला की त्यांच्या सीमेवर सारख्याच घड्या पडतात. मरिनरचे फोटो उलगडल्यापासून लिमये यांनी या भोवऱ्याची पाठ सोडलेली नव्हती.

२०११ मध्ये लिस्बनच्या डेव्हिड लुझ यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. भोवऱ्याचे केंद्र ध्रुवावर नसतेच. ते ध्रुवापासून सरासरी तीन अंश, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर बाजूला असते आणि ते केंद्र स्वतः ५ ते १० दिवसांत ध्रुवाला एक फेरी घालते. इथे मुलांच्या भोवऱ्याची आठवण होते. वेग मंदावला की तो आरेवर डुगडुगत कलंडता फेर धरतो. पण त्या भोवऱ्याची आर तरी एका जागी टेकलेली असते. बिल्बाओच्या बास्क विद्यापीठातल्या इत्सियार गारातेलोपेस यांनी २०१३ मध्ये दोन उंचींवरचे ढग वेगवेगळे मोजले. एक थर ६३ किलोमीटरवरचा, दुसरा ४२ किलोमीटरवरचा. दोन्ही थरांत भोवरा होता आणि दोघांची केंद्रे क्वचितच एकावर एक येत होती. वरचा भोवरा एकीकडे भटकतो, खालचा दुसरीकडे. त्यांच्यामधली २० किलोमीटर हवा त्यांना कशीबशी जोडून ठेवते. इतका विस्कळीत असूनही तो मोडत नाही. वर्षानुवर्षे तिथेच आहे.

मला या साऱ्या कथेत सर्वांत अवघड वाटतो तो हा मुद्दा. पृथ्वीवर भटकणारे वादळ विरते आणि टिकणारी रचना सहसा शिस्तीत असते. शुक्राच्या ध्रुवावर बेशिस्त आणि टिकाऊपणा एकत्र नांदतात.

गार कड्याचे कोडे जरा निराळ्या मार्गाने सैल झाले. व्हीनस एक्स्प्रेसवर तापमानाचे छेद घेणारा वर्णपटमापक होता, पण त्याचा आरसा अडकला आणि तो कामाला आलाच नाही. रेडिओ लहरी शुक्राच्या हवेतून जाताना किती वाकतात, यावरून तापमान मिळाले. पुढे २०१६ मध्ये जपानच्या हिरोकी आंदो यांनी महासंगणकावर शुक्राचे वातावरण चालवून पाहिले. सूर्याच्या उष्णतेने उठणाऱ्या आणि रोज ग्रहाला वळसा घालणाऱ्या लाटा आणि ध्रुवाकडे जाणारा सावकाश प्रवाह, हे दोन्ही एकत्र चालू ठेवले तर संगणकातही आपोआप गार कडे तयार झाले, त्याच्या आत ऊबही आली. लाटा बंद केल्या की कडे नाहीसे होई. विषुववृत्तावरच्या उन्हाचा हात इतक्या लांबवर पोहोचतो.

जपानचे ‘अकात्सुकी’ यान २०१० मध्ये शुक्राला हुकले आणि ७ डिसेंबर २०१५ रोजी, बरोबर पाच वर्षांनी, मोडक्या इंजिनाऐवजी लहान रॉकेटांच्या जोरावर कक्षेत शिरले. त्याच्या चिकाटीला सलाम. पण त्याची कक्षा विषुववृत्ताच्या अंगाने होती. ध्रुव त्याला तिरके दिसत.

व्हीनस एक्स्प्रेसने शेवटही ध्रुवाच्या कामी लावला. इंधन संपत आले तेव्हा २०१४ मध्ये त्याला मुद्दाम शुक्राच्या वरच्या हवेत १३० किलोमीटर उंचीपर्यंत उतरवले आणि हवेचा अडथळा मोजला. ध्रुवावरची ती हवा अंदाजापेक्षा विरळ निघाली. तिचे सरासरी तापमान उणे १५७ अंश होते, अपेक्षेपेक्षा ७० अंशांनी थंड. इतक्या जवळच्या ग्रहावर, सूर्याने भाजून निघालेल्या ग्रहावर, पृथ्वीवर कुठेच सापडणार नाही अशी थंडी. त्या वर्षाच्या १६ डिसेंबरला मोहीम संपल्याची घोषणा झाली.

म्हणजे आज आपल्याकडे काय आहे? उत्तरेची ७२ दिवसांची आणि नंतर थोड्या काळाची नोंद. दक्षिणेची त्याहून कितीतरी लांब. एकाच वेळी दोन्ही ध्रुवांवर अवरक्त नजर ठेवून वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नाही. उत्तरेचा भोवराही तसाच भटकतो का, दोघांची केंद्रे एका तालात फिरतात का, हे फक्त तसे पाहिल्यानेच कळेल.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोच्या शुक्रयानाला १,२३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. उड्डाणाचे लक्ष्य मार्च २०२८ आहे. आधी लांबट कक्षेत फिरायचे आणि मग शुक्राच्या हवेचाच अडथळा वापरून ती कक्षा हळूहळू लहान करायची, अशी आखणी आहे. लहान कक्षेतून जमीन चांगली दिसेल. ध्रुवावरचा संबंध भोवरा एका नजरेत मावतो तो लांबूनच. शुक्रयान आखणाऱ्यांना एवढीच विनंती आहे, की त्या लांबट कक्षेत शक्य तितके दिवस राहावे, आणि उत्तरेकडे पाहावे.